गुन्हेगार जोडपी आणि त्यांच्या दंतकथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुन्ह्यांच्या इतिहासाचा विषय निघाला की बोलणं हमखास १९३०च्या दशकात अमेरिकेत लुटालूट आणि खून करत फिरलेल्या बॉनी आणि क्लाइड या जोडीवर येतं आणि मग तेच ते प्रश्न सुरू होतात. बॉनीने किती माणसं मारली? बँका लुटून गरिबांना पैसे वाटले का? त्यांचं एकमेकांवर खरंच प्रेम होतं का? प्रत्येक प्रश्नामागे एखादा सिनेमा, फोटो किंवा गाणं असतं, आणि उत्तर शोधायला गेलं की भलतंच काही हाती लागतं. नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

'गुन्हेगार जोडपं' नेमकं कोणाला म्हणायचं?

नवरा-बायकोने किंवा प्रेमी जोडीने मिळून गुन्हा केला की त्यांना हा शब्द लावला जातो. पण या एका शब्दाखाली फार वेगवेगळी माणसं येतात. लुटत, पळत, लपत फिरणारी फरार जोडी वेगळी. मिळून एका माणसाचा, बहुतेक वेळा बाईच्या नवऱ्याचा, काटा काढणारी वेगळी. लहान मुलांना किंवा एकट्यादुकट्या बायकांना जाळ्यात ओढून मारणारी जोडी तर फारच वेगळी. आणि चौथी ठकसेनांची जोडी, जी थापा मारून लोकांना लुबाडते.

सिनेमाचा जीव जडला तो पहिल्या आणि शेवटच्या प्रकारावर. गोंधळ होतो तो चौघांनाही एकाच माळेत ओवल्यामुळे. ठकसेन जोडीबद्दल वाटणारं कौतुक मग नकळत खुनी जोडीच्या वाट्यालाही येतं.

इतक्या जोड्या होऊन गेल्या, मग बॉनी आणि क्लाइडच का आठवतात?

माझ्या मते याचं मोठं कारण म्हणजे एक कॅमेरा.

१३ एप्रिल १९३३ रोजी मिसूरी राज्यातल्या जॉप्लिन गावात पोलिसांनी एका भाड्याच्या घरावर छापा टाकला. आत दारूची चोरटी विक्री करणारे असतील असा त्यांचा अंदाज होता. आत होते क्लाइड बॅरो, बॉनी पार्कर, क्लाइडचा भाऊ बक, बकची बायको ब्लांश आणि डब्ल्यू. डी. जोन्स नावाचा कोवळा पोरगा. गोळीबारात हॅरी मॅकगिनिस आणि वेस हॅरिमन हे दोन पोलीस मारले गेले आणि टोळी गाडीत बसून पसार झाली. घाईत सगळं सामान मागे राहिलं. त्यात बॉनीची एक कविता होती आणि न धुतलेले फिल्मचे रोल होते.

रोल धुतले गेले आणि फोटो वर्तमानपत्रांतून देशभर पोचले. एका फोटोत बॉनी गाडीच्या बंपरवर पाय ठेवून उभी आहे, दातांत सिगार, कमरेशी पिस्तूल. दुसऱ्यात ती हसतहसत क्लाइडवर बंदूक रोखते आहे. सहलीला गेलेल्या तरुण पोरांनी एकमेकांची थट्टा करत काढावेत तसे ते फोटो आहेत. तोवर ही टोळी टेक्सासच्या आसपासच माहीत होती. फोटो छापून आले आणि देशाला एक चेहरा मिळाला, त्यातही बाईचा.

त्या सिगारचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. ६ एप्रिल १९३४ रोजी ओक्लाहोमातल्या कॉमर्स गावाजवळ टोळीने कॅल कॅम्पबेल या ६० वर्षांच्या हवालदाराला गोळ्या घालून मारलं. त्याची बायको आधीच वारली होती. त्याच्याबरोबरचा पोलीसप्रमुख पर्सी बॉइड याला त्यांनी उचलून नेलं आणि काही तासांनी सोडून दिलं. जगाला काही सांगायचं आहे का, असं त्याने विचारल्यावर बॉनीने निरोप दिला की मी सिगार ओढत नाही, एवढं लोकांना सांगा. त्याच दिवशी एक म्हातारा माणूस यांच्या हातून मेला होता. त्या टोळीबद्दल मी जे काही वाचलं, त्यात या निरोपाइतकं मला कशानेच हलवलं नाही.

बँका लुटून ते श्रीमंत झाले होते का?

नाही. त्यांनी बँका लुटल्या, पण कमीच. बहुतेक वेळा त्यांच्या तडाख्यात सापडली ती किराणा मालाची छोटी दुकानं आणि पेट्रोल पंप. तिथून मिळून मिळून किती मिळणार? एखाद्या दुकानदाराची त्या दिवशीची चिल्लर. आणि तो दुकानदारही मंदीने त्यांच्याइतकाच पिचलेला.

राहायला ठिकाण नाही. रात्र गाडीत किंवा शेताच्या कडेला काढायची, आंघोळ ओढ्यावर. जून १९३३ मध्ये टेक्सासमधल्या वेलिंग्टन गावाजवळ क्लाइडने तुटक्या पुलाकडे गाडी भरधाव नेली आणि ती खाली कोसळली. बॅटरीतलं अ‍ॅसिड सांडून बॉनीचा उजवा पाय हाडापर्यंत भाजला. दवाखान्यात न्यायची सोय नाही, कारण दवाखान्यात पोलीस. त्यानंतर मरेपर्यंत तिला नीट चालता आलं नाही. ती लंगडत किंवा एका पायावर उड्या मारत चालायची, नाहीतर क्लाइड तिला उचलून न्यायचा. क्लाइड स्वतःही लंगडा होता. ईस्टहॅमच्या तुरुंग-शेतातली मरणाची मेहनत चुकावी म्हणून त्याने आपल्या पायाची दोन बोटं तोडून घेतली होती, आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याला पॅरोल मिळाला.

पडद्यावर ही जोडी धावताना दिसते. प्रत्यक्षात शेवटचं जवळपास वर्षभर त्यांच्यातलं कोणीच धड धावू शकत नव्हतं.

मग ते इतके दिवस सापडले कसे नाहीत?

गाडी आणि राज्याची हद्द, ही दोन कारणं. फोर्डची आठ सिलिंडरची गाडी १९३२ मध्ये बाजारात आली आणि क्लाइड तीच पसंत करायचा, म्हणजे चोरायचा. गावातल्या पोलिसांच्या गाड्या तिच्या पुढे टिकत नसत. हद्द ओलांडली की एका राज्याचे पोलीस दुसऱ्यात पाठलाग करू शकत नसत आणि क्लाइडला हद्दीवरचे रस्ते तोंडपाठ होते. शिवाय सैनिकी शस्त्रागारं फोडून त्याने स्वयंचलित रायफली मिळवल्या होत्या. समोरच्या हवालदाराकडे साधं पिस्तूल असायचं.

लोकांचा त्यांना पाठिंबा होता म्हणतात, ते खरं आहे का?

काही काळ, काही लोकांचा. १९३०च्या दशकातली महामंदी डोळ्यासमोर आणा. हजारो बँका बुडाल्या, लोकांची आयुष्यभराची पुंजी गेली, आणि ज्या बँका उरल्या त्यांनी कर्जापायी शेतं जप्त केली. बँकेला कोणी दणका दिला तर आतून बरं वाटणारी माणसं तेव्हा गावोगाव होती. क्लाइड ज्या वेस्ट डॅलसच्या वस्तीत वाढला तिथे पोलीस हा रक्षणकर्ता नव्हे, छळणारा होता. त्याला तुरुंगात जे भोगावं लागलं तेही भयंकर होतं. हे सगळं खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे.

पण हा पाठिंबा एका दिवसात आटला. १ एप्रिल १९३४, ईस्टरचा रविवार. टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइनजवळ रस्त्याकडेला एक गाडी उभी होती. मोटारसायकलवरून जाणारे महामार्ग पोलिसांचे दोन जवान, ई. बी. व्हीलर आणि एच. डी. मर्फी, काही अडचण आहे का बघायला थांबले आणि तिथेच मारले गेले. मर्फी तेव्हा विशीतला होता, लग्न ठरलेलं होतं. त्याची होणारी बायको लग्नासाठी शिवलेला पोशाख घालून त्याच्या अंत्यविधीला आली.

बॉनीने खाली पडलेल्या जवानावर हसत गोळ्या झाडल्या असं एका शेतकऱ्याने सांगितलं आणि ते सगळीकडे छापून आलं. पुढे ती साक्ष टिकली नाही. गोळ्या क्लाइडने आणि टोळीतल्या हेन्री मेथविनने झाडल्या होत्या. पण तोवर लोकांचं मत फिरलं होतं.

प्रेमकथाच सांगायची, तर मर्फी आणि ती मुलगी हेही एक जोडपंच होतं. त्यांच्यावर कोणी गाणं रचलं नाही.

बॉनीने स्वतः किती माणसं मारली?

तिने कोणाला मारल्याचा भक्कम पुरावा नाही. टोळीच्या नावावर साधारण १३ खून आहेत. डब्ल्यू. डी. जोन्सने नंतर सांगितलं की तो टोळीत असताना बॉनीने कधी गोळी झाडली नाही. याचा अर्थ ती निर्दोष होती असा नाही. तिला सगळं दिसत होतं, दर वेळी माघारी फिरायची संधी होती, आणि तरीही ती गाडीत बसून राहिली. 'बंदूकधारी राणी' ही प्रतिमा मात्र त्या एका थट्टेच्या फोटोतून आलेली आहे.

त्यांचं प्रेम खरं होतं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि मला वाटतं खरी गोम इथेच आहे.

जानेवारी १९३० मध्ये डॅलसमध्ये एका ओळखीच्या घरी ते भेटले. ती १९ वर्षांची, तो २० वर्षांचा. तिचं आधीच लग्न झालेलं होतं, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, रॉय थॉर्नटनशी. तो संसार मोडला होता, पण घटस्फोट कधीच झाला नाही, आणि मेली तेव्हाही तिच्या बोटात रॉयचीच अंगठी होती. क्लाइड तुरुंगात गेला तर तिने वाट पाहिली. तिचा पाय भाजला तेव्हा तो तिला सोडून पळाला नाही. दोघं चोरून आपापल्या आयांना भेटायला येत. हे सगळं जमेला धरलं तर होय, जिव्हाळा होता असंच म्हणावं लागतं.

पण त्यांच्या प्रेमाची खरी कसोटी कधी लागलीच नाही. ती कसोटी म्हणजे खटला.

पकडल्या गेलेल्या जोड्यांचं काय होतं ते बघा. १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये रूथ स्नायडर आणि तिचा प्रियकर जड ग्रे यांनी मिळून तिच्या नवऱ्याला मारलं. नवऱ्याच्या नकळत उतरवलेला विमा होता, अपघाती मृत्यू झाला तर दुप्पट पैसे देणारा. कोर्टात उभे राहिल्यावर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. तो म्हणाला हिने मला नादी लावलं, ती म्हणाली सगळं यानेच केलं. १९५८ मध्ये नेब्रास्कात खून करत सुटलेला १९ वर्षांचा चार्ल्स स्टार्कवेदर शेजारच्या वायोमिंग राज्यात पकडला गेला तेव्हा आधी त्याने आपल्या १४ वर्षांच्या मैत्रिणीला, कॅरिल अ‍ॅन फ्यूगेटला, वाचवणारी जबानी दिली आणि नंतर तिच्याच विरोधात साक्ष दिली.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात 'आपण दोघं' राहत नाही. वकील वेगळे होतात, जबान्या वेगळ्या होतात, शिक्षा वेगळ्या होतात. आणि मेलेल्या माणसांची नावं रोज कोर्टात मोठ्याने वाचली जातात.

बॉनी आणि क्लाइड या सगळ्याच्या आधीच मेले. २३ मे १९३४ च्या सकाळी लुईझियानात, गिब्सलंड गावाजवळच्या रस्त्यावर, त्यांच्या मागावर असलेला पोलीस अधिकारी फ्रँक हेमर आणि त्याच्या पाच साथीदारांनी झुडपांत दबा धरून त्यांच्या गाडीवर शंभरावर गोळ्या झाडल्या. हेन्री मेथविनच्या घरच्यांनीच पोलिसांना खबर दिली होती. ती २३ वर्षांची होती, तो २५ वर्षांचा. कोणी कोणाविरुद्ध साक्ष दिली नाही, कारण वेळच आली नाही. त्यांची प्रेमकथा अभंग राहिली ती एवढ्यामुळे.

सिनेमात शेवटी दोघं मरतातच, असं का?

एक कारण अगदी रोकडं आहे. अमेरिकी चित्रपटसृष्टीत १९३० पासून एक नीतिनियमावली होती आणि ती १९३४ च्या जुलैपासून, म्हणजे बॉनी आणि क्लाइड मेल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, कडकपणे लागू झाली. गुन्हा फायद्याचा दिसता कामा नये, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, हा तिचा गाभा. त्यामुळे पळणाऱ्या प्रेमिकांच्या गोष्टी करायच्या तर शेवटी त्यांना मारणं भाग होतं. आणि प्रेक्षक रडला तो त्यांच्यासाठीच. शिक्षा म्हणून आलेलं मरण बघताबघता हौतात्म्य वाटू लागलं.

दुसरं कारण गोष्टीच्या पोटातच आहे. जोडी जिवंत सापडली तर खटला दाखवावा लागतो. खटला आला की वर म्हटलेलं सगळं येतं, आणि प्रेमकथा तिथेच संपते.

१९६७च्या त्या प्रसिद्ध चित्रपटात खरं किती आहे?

नावं, काही प्रसंग आणि शेवटची जागा. बाकी बरंच रचलेलं. आर्थर पेनने दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटात वॉरन बेटी आणि फे डनवे होते. ऑस्करची दहा नामांकनं मिळाली, दोन पुरस्कार मिळाले, आणि डनवेची तिरकी गोल टोपी बायकांच्या फॅशनमध्ये आली. शेवटचा गोळीबार वेगवेगळ्या गतीने चालणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांनी टिपला; पडद्यावरची हिंसा दाखवण्याची रीत त्या दृश्याने बदलली, हे मान्य करायलाच हवं. चित्रपट म्हणून तो मोठाच आहे.

पण त्याची किंमत दोन खऱ्या माणसांनी मोजली. चित्रपटात फ्रँक हेमरला ही टोळी आधी पकडते, त्याची फजिती करते आणि मग तो सूडाने पेटतो. प्रत्यक्षात त्याने त्यांना जिवंत समोरासमोर पाहिलं ते त्या शेवटच्या सकाळीच. त्याच्या पत्नीने निर्मात्यांवर खटला भरला आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. दुसरी ब्लांश. पडद्यावर ती सतत किंचाळणारी, खुळी बाई आहे. खरी ब्लांश जॉप्लिनच्या गोळीबारात आपल्या पळालेल्या कुत्र्यामागे रस्त्यावर धावत सुटली होती, हे खरं. पण तीन महिन्यांनी आयोवातल्या शेवटच्या चकमकीत नवऱ्याच्या डोक्यात गोळी होती, तिच्या स्वतःच्या डोळ्यात काच गेली होती, आणि तरी ती त्याच्यापासून हलली नाही. त्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली, नवरा पाच दिवसांत वारला, ती तुरुंगात गेली आणि १९३९ मध्ये सुटली. चित्रपट आला तेव्हा ती जिवंत होती. तो पाहून ती दुखावली यात नवल नाही.

अशा जोडीतली बाई साथीदार असते की ओलीस?

दर वेळी वेगळं. म्हणूनच एका ठशाचं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

कॅरिल फ्यूगेटचं उदाहरण घ्या. स्टार्कवेदरने एकूण ११ माणसं मारली. त्यांत तिची आई, सावत्र बाप आणि दोन वर्षांची धाकटी बहीणही होती. घरचे ओलीस आहेत असं सांगून त्याने मला धाकात ठेवलं, ते मेलेत हे मला ठाऊक नव्हतं, असं ती आयुष्यभर सांगत राहिली. ज्यूरीला ते पटलं नाही. स्टार्कवेदरला १९५९ मध्ये विजेच्या खुर्चीत बसवलं, तिला जन्मठेप झाली आणि १९७६ मध्ये ती पॅरोलवर सुटली. चौदा वर्षांच्या मुलीला पुढे चित्रपटांनी आणि गाण्यांनी त्याची 'प्रेयसी' करून टाकलं. हा शब्द तिथे वापरताना माझा तरी हात अडखळतो.

याच्या नेमकं उलट कॅनडातलं प्रकरण. मुलींवर अत्याचार करून त्यांना मारल्याच्या प्रकरणात कार्ला होमोल्काने नवरा पॉल बर्नार्डो याच्याविरुद्ध साक्ष द्यायचं कबूल केलं, आपल्याकडच्या भाषेत माफीचा साक्षीदार म्हणतात तसं, आणि सदोष मनुष्यवधासाठी १२ वर्षांवर तिची सुटका ठरली. मी मार खाणारी बायको आहे, असं तिचं म्हणणं होतं. मारहाण झालीही होती. नंतर त्यांनीच काढलेल्या व्हिडिओ टेप हाती लागल्या आणि त्या अत्याचारांत तिचा वाटा किती होता ते दिसलं. करार मात्र झालेला होता. २००५ मध्ये ती सुटली तेव्हा देशभर संताप उसळला.

कायदाही इथे चाचपडला आहे. नवऱ्याच्या दबावाखाली, त्याच्या समोर गुन्हा केला, असा बचाव इंग्लंडमध्ये फक्त बायकोला मिळत असे. तो थेट २०१४ मध्ये रद्द झाला. बायकोला स्वतःचं मन असतंच असं नाही, हे गृहीतक इतकी वर्षं कायद्यात टिकून होतं.

राग बाईवरच जास्त का निघतो?

पुरुष हिंसक असणार हे समाजाने मनात धरलेलंच असतं. बाईने तसं केलं की ते विश्वासघातासारखं लागतं.

१२ जानेवारी १९२८ च्या रात्री सिंग सिंग तुरुंगात रूथ स्नायडरला विजेच्या खुर्चीत बसवलं. आत कॅमेऱ्याला बंदी होती. टॉम हॉवर्ड नावाचा छायाचित्रकार घोट्याला छोटा कॅमेरा बांधून आत शिरला, झटका बसला त्या क्षणी पँटची बाही वर सरकवली आणि फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'च्या पहिल्या पानावर तो एका शब्दाच्या मथळ्यासकट झळकला. काही मिनिटांनी त्याच खुर्चीत जड ग्रेही मेला. जगाच्या लक्षात राहिला तो रूथचा धूसर, पट्ट्यांनी जखडलेला आकार.

इयान ब्रेडी आणि मायरा हिंडली यांनी १९६३ ते १९६५ या काळात मँचेस्टर परिसरात पाच मुलं मारली. बेत आखणारा आणि मारणारा मुख्यतः ब्रेडी. मुलांना गाडीत बसवून आणायला हिंडली, कारण बाई दिसली की मूल घाबरत नसे. हा तिचा गुन्हा लहान नाही. पण इंग्लंडमध्ये दुष्टपणाचं चित्र म्हणून टिकला तो पोलिसांनी काढलेला तिचाच फोटो, पिवळट केस आणि रोखलेली नजर. १९९७ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत तोच चेहरा लहान मुलाच्या हाताच्या ठशांनी रंगवलेल्या भल्यामोठ्या चित्रात लागला, तेव्हा लोकांनी त्यावर शाई आणि अंडी फेकली. मारलेल्या एका मुलाची आई ते चित्र काढून टाका म्हणत होती. तिचा मुलगा, कीथ बेनेट, मँचेस्टरजवळच्या ज्या माळरानात त्यांनी मुलं पुरली तिथेच अजूनही कुठेतरी आहे. त्याचा मृतदेह सापडलेला नाही.

हा काही मानसिक आजार असतो का?

सहसा नाही. एकाच्या भ्रमात दुसरा ओढला जातो अशा अवस्थेचं वर्णन फ्रेंच डॉक्टर लासेग आणि फालरे यांनी १८७७ मध्ये केलं होतं, पण ती क्वचित आढळणारी गोष्ट आहे आणि बहुतेक गुन्हेगार जोड्या त्यात बसत नाहीत. गुन्हेगाराबद्दल वाटणाऱ्या ओढीला दिलेलं 'बॉनी आणि क्लाइड सिंड्रोम' हे नाव तर बोलीतलंच, ते निदान नव्हे.

आपल्याकडच्या गोष्टींत असं जोडपं आहे का?

ठकसेन जोडीपुरतं म्हणाल तर 'बंटी-बबली'. २००५ च्या हिंदी चित्रपटातली ही नावं मराठी बातम्यांत इतकी रुळली आहेत की चोऱ्या करणारं कोणतंही जोडपं पकडलं गेलं की मथळा तयारच असतो. मला हा मथळा खटकतो. ज्या म्हातारीचे दागिने गेले तिच्यासाठी ते दोघं बंटी आणि बबली नसतात.

पण आपली खरी गोष्ट वाल्या कोळ्याची आहे. वाटमारी करणाऱ्या वाल्याला नारद विचारतात, ज्यांच्यासाठी हे करतोस ते तुझ्या पापात वाटेकरी होतील का? तो घरी जाऊन विचारतो. बायको म्हणते, नाही. आम्हाला पोसणं तुझं काम, कसं पोसायचं ते तुझं तू बघ. त्या एका 'नाही'ने त्याचे डोळे उघडतात. सगळी कथाच त्या नकारावर उभी आहे. फरार प्रेमिकांची गोष्ट बरोबर याच्या उलट आहे: तिथे बाई 'हो' म्हणते, आणि आपण त्या होकाराला प्रेम म्हणून टाळ्या वाजवतो.

शेक्सपिअरने तिसरी वाट दाखवली. 'मॅकबेथ'मध्ये, ज्याचं शिरवाडकरांनी मराठीत 'राजमुकुट' केलं, बायको नुसतं हो म्हणत नाही, तीच भरीला घालते. पण राजाचा खून होईपर्यंत एकजीव असलेलं ते जोडपं खुनानंतर हळूहळू तुटत जातं. मेजवानीच्या प्रसंगानंतर ती दोघं रंगमंचावर पुन्हा एकत्र बोलतच नाहीत. ती एकटी झोपेत हात धूत राहते, तो एकटा लढत राहतो. खऱ्या खटल्यांतल्या जोड्यांच्या हे सगळ्यांत जवळ जाणारं आहे.

या दंतकथांतून पैसा कोण कमावतं?

ज्या गाडीत बॉनी आणि क्लाइड मेले ती कॅन्ससमधल्या टोपेका गावच्या एका कुटुंबाच्या दारातून चोरलेली होती. मालकिणीला ती परत मिळवायला भांडावं लागलं. मिळाल्यावर तिने ती जत्रांत दाखवायला भाड्याने दिली. पुढे ती गोळ्यांच्या भोकांसकट नेवाडातल्या कॅसिनोंमध्ये ठेवली गेली. २०१२ मध्ये दोघांच्या अंगावर सापडलेली पिस्तुलं लिलावात निघाली आणि मिळून पाच लाख डॉलरच्या वर गेली. बॉनी आणि क्लाइडने आयुष्यभरात लुटलेल्या पैशांशी ताडून बघा.

कुटुंबांच्या वाट्याला वेगळंच आलं. १९३५ मध्ये फरारींना आसरा दिल्याबद्दल २० नातेवाईक आणि मित्रांवर खटला चालला. दोघांच्या आयांना तीस-तीस दिवसांची कैद झाली.

मग असे चित्रपट, मालिका बघूच नयेत का?

बघावेत. मीही बघतो. फक्त एक सवय लावून घ्या: बघून झालं की मारल्या गेलेल्यांपैकी किती जणांची नावं आठवतात ते मोजा. चांगल्या लेखक-दिग्दर्शकाने किमान एक माणूस तुमच्या लक्षात राहील असा उभा केलेला असतो, त्याचं घर, त्याचा त्या दिवशीचा बेत. ज्याने तेवढंही केलेलं नसतं, त्याला त्या जोडीच्या कपड्यांपलीकडे काही सांगायचं नसतं.

बॉनी आणि क्लाइडला शेजारी शेजारी पुरलं का?

मरण्याआधी थोडे दिवस बॉनीने आईच्या हाती एक कविता दिली. एक दिवस दोघं एकत्रच पडतील आणि त्यांना शेजारी शेजारी पुरतील, असं तिने त्यात लिहिलं होतं. कविता वर्तमानपत्रांत छापून आली आणि आजही लोक ती शोधून वाचतात.

आईने नकार दिला. जिवंतपणी ती त्याची होती, आता तो तिला नेणार नाही, असा त्या बाईचा पक्का निश्चय होता. क्लाइडला डॅलसमधल्या वेस्टर्न हाइट्स दफनभूमीत बकच्या शेजारी ठेवलं. दोन भावांना मिळून एकच दगड आहे. बॉनीला आधी दुसऱ्या एका दफनभूमीत पुरलं होतं, १९४५ मध्ये तिथून क्राउन हिलला हलवलं. दोन्ही जागा एकाच शहरात आहेत. मधे काही मैलांचं अंतर आहे.